सलग तिसऱ्यांदा तिसरी

१४ जून २०२५, शनिवार

मानपाडा रोडला फ्लेक्स लागलाय! रिक्षातून दिसला. माझी नात रुचिता, गळ्यात पदक, आणि शेजारी तिचे जिम्नॅस्टिक्सचे महेंद्र सर हाताची घडी घालून. फोटोत सर तिच्या दुप्पट मोठे. खाली लिहिलंय — ‘लेव्हल थ्री, सलग तिसऱ्यांदा सुवर्ण! डोंबिवलीची शान!’

रिक्षावाला वळून म्हणाला, “मावशी, ही तुमच्याच घरातली ना?” मी म्हटलं, हो, पुढे बघ.

सलग तिसऱ्यांदा तिसरी! शाळेत एखादं पोर सलग तीनदा तिसरीत बसलं तर त्याला नापास म्हणतात. इथे फ्लेक्स लावतात.

घरी आले तर सर्वेशने त्या फ्लेक्सचा फोटो आधीच स्टेटसला ठेवलेला. “आई, भारी आलीये ना?” माझाच मुलगा. दुसऱ्या कुणाचा असता तर बोलले असते.

१५ जून

शांत डोक्याने लिहून काढते, म्हणजे भांडताना मुद्दा सुटायचा नाही.

या खेळात लेव्हल असतात. प्रत्येक लेव्हलचं रुटीन ठरलेलं. सगळ्या मुलींना तेच. कुठे उडी, कुठे गिरकी, कुठे एका पायावर थांबायचं. स्वतःच्या मनाचं काही नाही. ते चांगलं जमलं, पुरेसे गुण पडले, की क्लबने मुलीचं नाव वरच्या चाचणीला पाठवायचं. चाचणी पार झाली की वरची लेव्हल. सरळ हिशेब आहे.

रुचिताला पुरेसे गुण पहिल्याच वर्षी पडले. सरांनी नाव पाठवलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. का? तर खाली ती हमखास पहिली येते. तिच्या गुणांवर क्लबला चषक, चषकाचा फ्लेक्स, फ्लेक्स बघून नवीन आईबाप. वर गेली तर पहिलं वर्षभर सहावी-सातवी येईल. सहावीचा फ्लेक्स कोण लावतो?

आणि वय काही सरांसाठी थांबत नाही! यंदा तिने चौथी लेव्हल पार केली तरच बारा वर्षांखालच्या गटातून राज्याच्या निवडीला बसता येईल. नाही झाली तर पुढच्या वर्षी थेट मोठ्या मुलींत. त्या मुली कधीच्या वर पोचलेल्या. तिथे ही कुणाच्या खिजगणतीत नसेल. म्हणजे जे काय व्हायचं ते या डिसेंबरच्या आत.

सूनबाईंना हे सगळं समजावलं. वैशाली म्हणते, “आई, सर म्हणतात तिचा बेस पक्का होतोय.”

बेस! तीन वर्षं पायाच भरताहेत. इमारत कधी बांधणार, हिच्या लग्नात?

१७ जून

गेले होते सरांच्या हॉलवर. नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर बसले नाही, सरळ आत गेले. चपला काढून.

महेंद्र सर माणूस गोड आहे, हीच खरी अडचण. “या या काकू! चहा सांगू?” चहा नको म्हटलं. रुचिताला वर कधी पाठवताय ते सांगा.

“काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ. पोरीचा कॉन्फिडन्स बघावा लागतो ना.”

“तिच्याकडे आहे. तुमच्याकडे दिसत नाही.”

“तसं नाही. जिंकायची सवय लागायला लागते हो मुलांना.”

“आपल्याहून लहान असलेल्यांना हरवायची सवय लागली, तर आमच्या कॉन्व्हेंटात त्याला दुसरा शब्द होता. आणि सिस्टर बेनिग्ना त्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या.”

हसला. मग हळूच म्हणतो कसा, “काकू, तुम्ही कधी जिम्नॅस्टिक्स केलंय?”

म्हटलं, “नाही. पण उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. लाइन खराब आहे की कुणी मुद्दाम अडवून धरलीय, ते मला बरोब्बर कळतं.”

मग हसला नाही. रुचिता बीमवर, त्या चार बोटं रुंद उंच पट्टीवर, होती. तिथूनच माझ्याकडे बघत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, “आजी, तू ओरडत होतीस.” मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

१८ जून

गुडघा दुखतोय. रागाने गुडघाही सुजतो का, डॉक्टरला विचारायला हवं.

२९ जून, रविवार

कल्याणला क्लबांची आपापसातली स्पर्धा. रुचिता पहिली. अर्थात.

दुसरी आली ती मोहने गावातली एक चिमुरडी. समोरचे दोन दात पडलेले. पदकं देताना उभ्या केल्या तेव्हा ती रुचिताच्या कोपरापर्यंत येत होती! फोटोवाला म्हणतो, “बेटा, जरा टाच वर कर.” लोक हसले. मला हसू आलं नाही.

तिची आजी माझ्या शेजारीच बसलेली. हिरवं लुगडं, मांडीवर पोरीचे कपडे नि पाण्याची बाटली. मला म्हणाली, “तुमची नात मोठी हाय हो. अजून किती वरसं हीतंच खेळणार?”

भांडली नाही. टोमणाही नव्हता. खरंच विचारत होती. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले. मी!

परतताना रुचिता पदकावर फुंकर मारून ओढणीने पुसत बसली होती. माझ्या ओढणीने.

३ जुलै

आज जिल्हा जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या गृहस्थांना फोन केला. आधी म्हणाले मीटिंगमध्ये आहे. म्हटलं, होऊ द्या, मी लाइनवर थांबते. थांबले. आम्ही एकेकाळी लोकांना तासन्‌तास थांबवलंय, आम्हाला थांबायचं काय विशेष!

शेवटी बोलले. “नियम असा आहे मॅडम, की क्लबने नाव पाठवायला हवं. पालकांना थेट पाठवता येत नाही.” आणि क्लब मुद्दाम पाठवत नसेल तर? “त्याला नियम नाही.” मग करा की! “वरती सुचवतो.” सुचवा.

पण फोनचा परिणाम झाला. संध्याकाळी महेंद्र सरांचा मला फोन. “काकू, डायरेक्ट वर? आपलं घरच्यासारखं आहे, आधी बोलायचं ना.”

“बोलले होते की. चहासुद्धा नाकारला होता.”

मग — “ठीक आहे. ऑगस्टमध्ये ठाण्याला चाचणी आहे. फोरला नाव पाठवतो. पण मग मला काही बोलायचं नाही.”

जिंकले! रुचिताला हाक मारून सांगितलं. ती म्हणाली, “ओके.” वर मान न करता. आजकालची मुलं. आनंदसुद्धा एका शब्दात.

१२ जुलै

हा माणूस भलताच आतल्या गाठीचा आहे. नाव पाठवलं, पण शिकवतो काय? सगळा वेळ तिसरीचंच रुटीन, आणि जाता जाता दहा मिनिटं चौथीचं. म्हणजे चाचणीत पडावी अशी सोय.

ठीक आहे. मग मी घेते.

रुचिताने समजावलं. “आजी, बीमची सुरुवात दोन्हींची सेम आहे. चढायचं, दोन उड्या, पाय वर, मग वळायचं. थ्रीमध्ये अर्धंच वळायचं आणि एका पायावर थांबायचं. फोरमध्ये पूर्ण गिरकी आणि मग कार्टव्हील, हात टेकून आडवी कोलांटी.” म्हणजे रस्ता त्या वळणावर फुटतो. एवढं कळलं की पुरे, उरलेलं करायला पाठांतर! मी लेकीच्या वयाच्या मुलींना नंबरांची पुस्तकंच्या पुस्तकं पाठ करायला लावली आहेत.

गच्ची ओली, म्हणून खाली पार्किंगमध्ये. दोन गाड्यांच्या मधे खडूने बीमएवढी रेघ मारली. जुनी गादी टाकली. मी खुर्चीवर बसून क्रम म्हणते, ती करते. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी कमलेश आलाच. “काकी, यह लाइन किसने मारा? पार्किंगचा मार्किंग बदलला काय?”

म्हटलं, “मी मारली. इथे ऑलिम्पिकची तयारी चालू आहे. गाडी मागे घे.”

घेतली बिचाऱ्याने.

९ ऑगस्ट

गिरकी जमली. कार्टव्हील जमलं. रेघेबाहेर बोट नाही! टाळी वाजवली मी. आमचं ठरलंय, बरोबर झालं की टाळी, चुकलं की काही बोलायचं नाही, नुसतं पहिल्यापासून.

वैशाली बाल्कनीतून बघत होती. “आई, तिचा गृहपाठ?” गृहपाठ पळून जात नाही. वय पळतं.

२४ ऑगस्ट, रविवार

ठाणे. चाचणी.

लिहवत नाहीये, पण लिहिते.

फ्लोअर चांगलं. व्हॉल्ट बरा. बार्सवर जरा लटपटली, पण निभावलं. मग बीम. वर चढली. दोन उड्या. पाय वर, किती सुरेख! वळली —

आणि अर्धीच वळली. एका पायावर थांबली. हात पसरून, मान ताठ, अगदी फ्लेक्समधल्यासारखी. तिसरीचं रुटीन! मला खुर्चीतून ओरडावंसं वाटलं. ती पुढे जातच राहिली, एकेक गोष्ट सुंदर, एकेक गोष्ट चुकीची. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. उतरली तेव्हा हसत होती. सगळ्यांचे चेहरे बघून तिला कळलं.

नापास. चौथीला लागणाऱ्या गोष्टी केल्याच नाहीत, गुण कशाचे द्यायचे.

तीन वर्षं! तीन वर्षं तेच तेच घोटवलं त्या माणसाने, पोरीच्या हाडात भिनवलं. डोकं चौथीत गेलं आणि पाय तिसरीतच राहिले. एखाद्याला इतकी वर्षं एकाच दाराने घरी आणा, मग दार बदला, आणि वर म्हणा हा भिंतीवर का आपटला!

सर जवळ येऊन म्हणाले, “बघितलंत काकू? म्हणून मी सांगत होतो.” चेहऱ्यावर वाईट वाटल्याचा भाव. भाव!

मी म्हटलं, “हे तुमचंच काम आहे महेंद्र. सही तेवढी करायची राहिलीय.”

२५ ऑगस्ट

रुचिता शाळेत गेली नाही. मी कुणाशीही बोलले नाही. घरात सगळ्यांना फार बरं वाटलं असणार.

३१ ऑगस्ट

गणपतीच्या आरतीला घरी सर हजर. वैशालीने बोलावलं. मोदक खाल्ले आणि मग मुद्द्यावर आले. नोव्हेंबरमध्ये आणखी एक चाचणी आहे, यंदाची शेवटची. “नाव पाठवतो ना काकू. फक्त त्याआधी शहाडची मोठी स्पर्धा आहे ऑक्टोबरात. तिथे थ्रीमधून एकदा खेळू दे. चषक आला की दुसऱ्या दिवशी नाव जाईल. शब्द.”

“हा सौदा झाला.”

“ॲडजस्टमेंट म्हणा हो.”

सर्वेश माझ्याकडे बघतोय, वैशाली माझ्याकडे बघतेय, गणपतीसुद्धा माझ्याकडे बघतोय. हो म्हटलं. दात-ओठ खाऊन हो म्हटलं. दुसरा क्लब शोधायला आता वेळ नाही, आणि नावाशिवाय चाचणी नाही. लाइन त्याच्या हातात आहे.

पण मी ठरवलंय. हॉलवर तो तिसरी करून घेईल. खाली पार्किंगमध्ये मी चौथी करून घेणार. रोज. नोव्हेंबरात पुन्हा पाय चुकायला नकोत.

११ सप्टेंबर

रुचिता म्हणाली, “आजी, दोन्ही एकदम नको ना. मिक्स होतं.”

म्हटलं, मी घरी मराठी बोलायचे, शाळेत इंग्रजी, शेजारी गुजराती, ऑफिसात हिंदी. झालं का कधी मिक्स? तोंड पाडून रेघेवर उभी राहिली. पण केलं. चांगलं केलं. टाळी.

२८ सप्टेंबर

आज चौथीचं रुटीन न सांगता, न थांबता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी क्रम म्हटलासुद्धा नाही! कमलेश गाडीत बसून बघत होता, त्यानेही हॉर्न वाजवून दाद दिली. मूर्ख आहे, पण मनाने वाईट नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

वा! वा गं माझी वाघीण!

सगळं नीट लिहिते. शहाडचा हॉल खच्चून भरलेला. सरांच्या क्लबची पोरं निळ्या टी-शर्टात, चषकासाठी दुसऱ्या एका क्लबाशी बरोबरीत. सगळं रुचिताच्या बीमवर अडकलेलं. तिसरीचं नेहमीचं रुटीन केलं की चषक आणि सुवर्ण दोन्ही. सर हात चोळत उभे. मी तोंड वाकडं करून बसले होते, खोटं कशाला बोलू.

चढली. दोन उड्या. पाय वर. वळली.

आणि पूर्ण फिरली!

हॉलमध्ये कुणाला कळायच्या आधी मला कळलं. चौथी! भर स्पर्धेत, सरांच्या नाकासमोर, ती चौथीचं रुटीन करत होती! गिरकीनंतर एक क्षण थांबली. मी उठून उभी राहिले आणि टाळी वाजवली, जोरात, एकटीनेच, त्या भरल्या हॉलात. तिने मान वळवून बघितलं. आणि मग कार्टव्हील! बीमवर! बोटभर हलली नाही. शेवटपर्यंत नेलं. असं केलं की ठाण्यात केलं असतं तर परीक्षक उभे राहिले असते.

गुण? ठरलेलं केलं नाही म्हणून कापले ते कापलेच. सुवर्ण गेलं, चषक गेला. पहिली कोण आली मी बघितलंही नाही.

सर लालबुंद. “काय केलंस तू हे? काय केलंस?” पोरीवर हात उगारल्यासारखा केला. मी मधे गेले. बोलले! जे जूनपासून पोटात होतं ते सगळं बोलले. आईबाप थांबून ऐकत होते. म्हटलं, “मला तुम्हाला समजावता आलं नाही, संघटनेला आलं नाही. या अकरा वर्षांच्या मुलीने तोंडावर सांगितलं तुम्हाला. तुमचं सोनं तुमच्याजवळ ठेवा. तिला तुमच्या फ्लेक्सवर उभं राहायचं नाही!”

सर म्हणाले, “नोव्हेंबरला नाव जाणार नाही हिचं. आणि उद्यापासून हॉलवर यायचं नाही.”

“येणारच नव्हतो!” आणि तिचा हात धरून बाहेर आले.

रिक्षात गप्प होती. मीही बोलले नाही. काही क्षण असे असतात की बोलून ते लहान करू नयेत. चेहरा कसा झाला होता तिचा, एकदम मोठा.

१३ ऑक्टोबर

ठाण्याच्या एका क्लबला फोन केला. घ्यायला तयार आहेत, पण दुसऱ्या क्लबातून आलेल्या मुलीला या वर्षी चाचणीला पाठवता येत नाही. म्हणजे बारा वर्षांखालचा गट गेला. गेला तर गेला! पदक नसेल, निवड नसेल, पण ताठ कणा आहे. तो कुठल्या लेव्हलला मिळतो?

खालच्या मजल्यावरच्यांना सांगितलं, समोरच्यांना सांगितलं. कमलेश म्हणाला, “काकी, पोरगी में दम है.” तिच्या शाळेतल्या बाईंनाही फोन करून सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

वैशाली माझ्याशी बोलत नाही. सर्वेश म्हणाला, “आई, तू एकदा तिला विचारलंस का?” काय विचारायचं? मी डोळ्यांनी बघितलं.

१५ ऑक्टोबर

रुचिता आत्ता येऊन शेजारी बसली. म्हणाली, “आजी, सरांना सॉरी म्हटलं तर परत घेतील का? मी मुद्दाम नव्हतं केलं. मला गोल्ड हवं होतं. वळले आणि मला कळेचना आता कुठलं. मी थांबणार होते. पण तू टाळी वाजवलीस, मला वाटलं बरोबर चाललंय.”